आखाजीला अडखळलेली डिस्क

शनिवारी दुपारी आधार सोनवणेच्या जळगावच्या कचेरीत जी बाई आली, ती खुर्ची दिली तरी बसली नाही. हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत ती दारातच उभी राहिली.

"भाऊ, मनी माय चोरीले गयी," ती म्हणाली.

पुना महाजनच्या बशीतला चहा शर्टावर सांडला. पुना म्हणजे आधारचा मित्र, सोबती आणि, आधारच्या शब्दांत, 'तपासातला अडथळा'. अंगानं भारी, बुद्धीनं निवांत, पण मनानं सोन्यासारखा.

"अपहरण?" त्यानं डोळे विस्फारले.

"नाही हो. माय तर चैत्रातच गेली." बाई आता शहरी मराठीत बोलू लागली. "तिचा आवाज चोरीला गेलाय."

आधार खिडकीपाशी येरझाऱ्या घालत होता, तो थांबला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लाइनमधले दोष शोधण्यात त्याची बारा वर्षं गेली होती. पुढे नोकरी सोडून त्यानं खाजगी तपासाची पाटी लावली, पण एका जागी बसायची सवय काही त्याला लागली नाही.

बाईचं नाव मंजुळाबाई. जळगावला अंगणवाडीत शिकवायची. माहेर धुळ्याजवळच्या खेड्यात. तिची आई आक्काबाई श्रावणात घरोघर बसणाऱ्या कानबाई देवीची गाणी म्हणायची, आणि अशी म्हणायची की शेजारच्या गावांतून तिला बोलावणी येत.

"धुळ्याला अभिमन आबा म्हणून निवृत्त मास्तर आहेत. खान्देशातल्या बायांची गाणी गोळा करतात. गेल्या वर्षी त्यांनी मायची गाणी टेप केली. मग कॉम्प्युटर घेतला, सगळी गाणी त्यात भरली."

"आणि कॅसेटी?"

"पुसून दुसऱ्या गाण्यांना वापरल्या. कॉम्प्युटरात दोन डिस्क आहेत, एक गेली तर दुसरी आहे, मग कॅसेट कशाला अडवून ठेवायची, असं म्हणाले."

आधारनं कपाळावर हात मारला. "पुढे सांगा, ताई."

"माय गेल्यावर मला ऐकायची हिंमत होईना. यंदाच्या कानबाईला ऐकीन, असं मनाशी ठरवलं. सोमवारी गेले, तर मायची गाणी नाहीत! बाकीच्या बायांची बठ्ठी, सगळी गाणी जागच्या जागी. मशीन बघितलं तर एक डिस्क बिघडलेली निघाली. सुकदेव मेकॅनिकनं ती काढून नवी बसवली, पण गाणी काही आली नाहीत. मी म्हटलं, आपलं नशीब. पण आज सकाळी बाजारात..."

तिनं पिशवी छातीशी धरली.

"कॅसेटच्या दुकानात नवी कॅसेट वाजत होती. कानबाईची गाणी. गाणारी कोणी भलतीच, पण गाणं मायचं! 'मना दारमा तीन खोडना निंब.' भाऊ, तो निंब आमच्या मागच्या दारी आहे. मायनं स्वतः जुळवलेलं गाणं ते."

"गावातल्या बायांनाही येत असेल की," पुना म्हणाला.

"येतं ना. पण त्यात मळणीचं कडवं आहे. गावात ते गाळून कोणी म्हणत नाही. टेप करताना मायला दम लागला, म्हणून त्या एका दिवशी ते राहिलं. कॅसेटमध्येही ते नाही!"

आधारचे डोळे चमकले. "म्हणजे कॅसेटवाल्यांनी गाणं गावातून घेतलं नाही, आबांच्या कॉम्प्युटरातून घेतलं. कॅसेटवर नाव कुणाचं?"

"रचनाकार म्हणून कोणी 'खान्देशपुत्र' लिहिलंय. जळो ते नाव. मला भांडण नको, भाऊ. मला मायचा आवाज पाहिजे. आम्ही मायलेकी जोडीनं म्हणायचो. ती अडखळली की ओळ मी उचलायची. ती गेल्यापासून माझं तोंडच उघडत नाही. उद्या कानबाई बसेल, परवा विसर्जनाला उठेल, आणि मी मुकी बसून राहीन."

आधारनं चपला पायात सरकवल्या. "पुना, ऊठ. उद्या पहाटेची एसटी."

"उद्या? उद्या तर घरी कानबाईच्या नैवेद्याचे रोट आहेत!" पुना कळवळला. त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

*

एसटी एरंडोल सोडून धुळ्याकडे निघाली. मंजुळाबाई पुढच्या सीटवर खिडकीबाहेर बघत होती. पुना मात्र गप्प बसेना.

"मला सांग, एकच गाणं दोन डिस्कवर कशाला?"

"ताई काल काय म्हणाल्या? मायलेकी जोडीनं म्हणायच्या. तसंच. कॉम्प्युटरातलं सॉफ्टवेअर दोन डिस्कची जोडी बांधतं. लिहायचं ते दोन्हींवर लिहितं. वाचताना एक अडखळली, तर तीच ओळ दुसरीकडून उचलतं. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही."

"मग अडखळलेलीचं काय होतं?"

"असल्या सॉफ्टवेअरचा स्वभाव कडक असतो. एका ठिकाणी वाचता आलं नाही की ते अख्खी डिस्क बाद करतं. पडद्यावर एक सूचना देतं आणि उरलेल्या एकीवर काम रेटतं."

"म्हणजे त्या सुकदेवनं गळकी डिस्क विकली, तिनं गाणी खाल्ली. झालं! लागला तपास," पुनानं मांडीवर थाप मारली.

"वा! आणि त्या डिस्कनं शेकडो बायांमधून नेमकी आक्काबाईच निवडून खाल्ली? फार चोखंदळ डिस्क म्हणायची!" आधार म्हणाला. पुना गाल फुगवून बाहेर बघू लागला.

*

आबांचा संग्रह म्हणजे त्यांच्या घरालगतच्या दोन खोल्या. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी मंजुळाबाईचा हात हातात घेतला, तो सोडवेना.

"पोरी, तुझी आई माझ्या हातून गेली गं," एवढंच ते म्हणाले.

कॉम्प्युटर सांभाळणारा चिंधा तिशीतला, हडकुळा, बोलताना शर्टाचं बटण पिळायची सवय असलेला. आधारनं त्याला बाजूला घेतलं.

"डिस्क बाद झाल्याची सूचना सोमवारी पहिल्यांदा दिसली?"

"हो... म्हणजे, हो."

"चिंधाभाऊ, ते बटण तुटेल. खरं सांगा."

चिंधाचा चेहरा पडला. "आखाजीपासून येतेय, साहेब, अक्षय्य तृतीयेपासून. आखाजीला मी सासरवाडीला गेलो होतो. जाताना मशीन ठणठणीत होतं. परत आलो, चालू केलं, तर पडद्यावर इंग्रजीत काहीतरी. एन्टर दाबलं, गेलं. गाणी वाजत होती. तेव्हापासून रोज सकाळी ती सूचना येते, रोज मी एन्टर दाबतो."

"कुणाला बोललात?"

"कुणालाच नाही. मशीन बिघडवलं म्हणून आबांनी हाकललं असतं तर? देवाशप्पथ, गाण्यांना मी हात लावला नाही."

"आखाजीला खोलीला कुलूप होतं?"

"होतं. एक किल्ली माझ्याजवळ, एक आबांच्या घरी खुंटीला."

आबांचा पुतण्या भिका त्याच घरात राहायचा. संग्रहाचे कार्यक्रम, पाहुणे, छपाई हे सगळं तो बघायचा. इस्त्रीचा सफारी, खिशाला दोन पेनं. तो हसतमुखानं पुढे आला.

"विचारा काय ते. पण त्या डबड्यातलं मला ओ की ठो कळत नाही. मी तर त्या खोलीत पाऊलही टाकत नाही. ते चिंधाचं राज्य."

"बाजारात आलेली नवी कॅसेट ऐकलीत?"

"ऐकली ना! धुळ्यातच निघालीय. लोकगीतं काय, कुणाच्या बापाची थोडीच असतात? हवेत असतात, साहेब." भिकानं मंजुळाबाईकडे बघून सुस्कारा सोडला. "ताईंचं वाईट वाटतं. पण उगाच आशा लावू नका. पुसलं की दोन्हीकडून एकदमच पुसलं जातं. गेलं ते गेलं."

आधारनं प्यायला पाणी मागितलं.

मग त्यानं कॉम्प्युटरचा पत्रा उघडायला लावला. आत दोन डिस्क. एक कोरी, चकचकीत. दुसरीवर हळदीचं बोट आणि वाळलेलं कुंकू.

"घ्या! मशीनला कुंकू!" पुना खो खो हसला.

"हसतोस काय रे? दसऱ्याच्या मुहूर्तावर मशीन घेतलं," आबा म्हणाले. "नव्या ट्रॅक्टरची पूजा करत नाहीस का? सुकदेवच्या आईनं बसवायच्या आधी दोन्ही डिस्कना हळदकुंकू वाहिलं. स्वतः तिनं."

*

सुकदेवचं दुकान कानबाईमुळे बंद होतं. पण मागच्या घरात तो सापडला, आणि आधारचं नाव-गाव ऐकताच भडकला.

"आणखी कोण राहिलंय विचारायचं? गावभर एकच ओरड, सुकदेवच्या डिस्कनं गाणी गिळली! अहो, चांगल्या डिस्कवर जे होतं, ते नवीवर उतरवलं. तिच्यावरच आक्काबाई नव्हती, तर मी काय पोटातून काढू?"

"काढलेली डिस्क कुठे आहे?"

"मेलेली वस्तू तुम्हाला कशाला? नाही ती दुकानात. विषय संपला."

आधारनं तरी दुकानातला भंगाराचा खोका उपसून पाहिला. जळक्या मोटारी, फुटके कीबोर्ड, तडकलेल्या पट्ट्या. डिस्क नव्हती.

घरात कानबाई बसली होती. चौरंगावर साडीचोळीतला नारळ, भोवती केळीचे खांब, बाया गात होत्या. सुकदेवची आई यशोदाबाई पाहुण्यांना उपाशी सोडणाऱ्यांतली नव्हती. पुनाला अखेर रोट मिळाले. तिसऱ्या रोटाला वाकताना त्याचा गुडघा चौरंगाशेजारच्या निर्माल्याच्या टोपलीवर आदळला.

"भाऊ, पाय नका लागू देऊ! देवाची टोपली ती," यशोदाबाई ओरडली. पुनानं कान पकडले आणि गुडघा चोळत बाहेर आला.

बाया मंजुळाबाईला गाण्यात ओढत होत्या. "आक्काबाईनी पोर ना तू? म्हण ना वं!" तिनं मान हलवली आणि पदर तोंडाला लावला.

*

सोमवारी सकाळी आबांच्या ओसरीवर आधारचा तिसरा चहा निवत होता. तो एका टोकाहून दुसऱ्या टोकाला फिरत होता, आणि त्याला बघून बघून मंजुळाबाईचाही जीव वरखाली होत होता.

"चोर मला ठाऊक आहे," तो पुटपुटला. "पण चोर घेऊन ताई काय करणार? ती डिस्क पाहिजे! सापडली, तर आक्काबाई सापडली."

"डिस्क गेली खड्ड्यात," पुना कण्हला. "माझा गुडघा बघ, काळानिळा झालाय. फुलांची टोपली इतकी टणक असते होय? आत धोंडा ठेवला होता की काय!"

आधार जागच्या जागी उभा राहिला.

"पुना," तो हळूच म्हणाला, "तुझ्या गुडघ्याला मी साष्टांग नमस्कार घालतो. अरे, हळदकुंकू वाहिलेली वस्तू कोणी भंगारात टाकतं का? कानबाई कधी उठते?"

"उठली असेल आता," मंजुळाबाई म्हणाली. मग तिच्याही ध्यानात आलं. "अगं माय! टोपली पांझरा नदीत जाईल!"

रिक्षावाल्याला त्यांनी श्वास घेऊ दिला नाही. रस्ताभर मिरवणुका, ढोल, डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाया. रिक्षा अडली तशी तिघं उतरून धावत सुटली. पुनासुद्धा धावला, आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांनी ते दृश्य बघून घेतलं.

यशोदाबाई गुडघाभर पाण्यात होती. कानबाईचं विसर्जन झालं होतं, आता टोपली उपडी करायला तिनं हात उचलले होते.

"मावशी, थांबा! थांबा वं!" मंजुळाबाई चपलांसकट पाण्यात शिरली.

झेंडूच्या फुलांखाली लाल फडक्यात गुंडाळलेली डिस्क निघाली. तिच्यावर हळदीचं बोट होतं आणि कुंकू होतं.

"मेलेली डिस्क आहे ती. आईनं पुजलेली, म्हणून भंगारात टाकवेना. आणि ते तुम्हाला सांगायची लाज वाटली," काठावरचा सुकदेव खाली मान घालून म्हणाला.

"तिनामा आक्काबाईना आवाज शे?" मंजुळाबाईनं कारण सांगताच यशोदाबाईनं विचारलं. "मंग नदीले कशाले देऊ? घे पोरी."

*

दुपारी आबांच्या खोलीत सगळे जमले. सुकदेवनं ती डिस्क एकटीच दुसऱ्या मशीनला जोडली होती आणि तिच्यावरचं एकेक गाणं उतरवून घेत होता. मंजुळाबाई त्याच्या मागे उभी होती. भिका दारापाशी उभा राहून घड्याळ बघत होता.

"भिकाभाऊ, बसा," आधार म्हणाला. स्वतः मात्र फिरतच होता. "डिस्कच्या जोडीत एक वाचताना अडखळली, तर गाणं हरवत नाही. दुसरी असते. आणि हरवलंच, तर नेमकं एकाच बाईचं हरवत नाही. म्हणजे आक्काबाईची गाणी डिस्कनं गिळली नाहीत, माणसानं पुसली. कोणी? यंत्र कळणारे इथे दोघं. चिंधा आणि सुकदेव."

चिंधाची पाचावर धारण बसली.

"घाबरू नका, चिंधाभाऊ. तुमची ती रोजची एन्टरच तुम्हाला वाचवतेय. एक डिस्क आखाजीपासून बाद आहे, हे तुम्ही रोज बघत होता. बाद डिस्कला नवं काही शिकवत नाहीत, तसं तिच्याकडून जुनंही पुसून घेत नाहीत. चोर तुम्ही असता, तर पुसल्यावर पहिल्यांदा ती डिस्क गायब केली असती. तुम्ही ती बिनघोर सुकदेवच्या हाती जाऊ दिलीत."

"आणि सुकदेव?" आबांनी विचारलं.

"त्यानं ती स्वतः काढली. हातोड्याचा एक घाव पुरे होता. त्यानं ती लाल फडक्यात गुंडाळून देवापाशी ठेवली. चोर तो, ज्याला जोडी फुटल्याचं ठाऊकच नव्हतं. ज्याला वाटत होतं, एकदा पुसलं की दोन्हीकडून गेलं." आधार वळला. "भिकाभाऊ, काल तुम्ही हेच म्हणालात. सगळं धुळं 'डिस्क बिघडली' म्हणत होतं. 'पुसलं' हा शब्द काढणारे एकटे तुम्ही. आणि यंत्रातलं ओ की ठो न कळणाऱ्याला 'दोन्हीकडून एकदम' कुठून कळलं?"

"हा शब्दांचा खेळ झाला," भिका हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "बोलताना माणूस काहीही बोलतो."

"बरं. शब्द सोडा. सुकदेव, शेवटचं गाणं कधीचं आहे?"

"आखाजीच्या आधीचं. चिंधा सासरवाडीहून झोक्याची गाणी घेऊन आला, ती हिच्यावर नाहीत."

"म्हणजे चिंधा खरं बोलला. आणि वाचता न येणारी जागा कुठे आहे?"

सुकदेवनं पडद्याकडे बोट केलं. "एकच डाग आहे, साहेब. बाकी डिस्क धडधाकट. डाग... आक्काबाईच्याच गाण्यात. तीन खोडांच्या निंबाच्या."

भिकाचं घड्याळ बघणं थांबलं.

"डिस्कवरचा डाग कुणी वाचायला गेल्याशिवाय सापडत नाही," आधार म्हणाला. "वर्षभर तो तिथे असेल, कुणाला कळणार नाही. आखाजीच्या सुटीत, कुलूपबंद खोलीत, कोणीतरी हेच गाणं वाजवलं. वाजवता वाजवता डिस्क अडखळली, बाद झाली, आणि दुसरीनं ओळ उचलली. वाजवणाऱ्याला खरखरसुद्धा ऐकू आली नाही. चिंधा गावाला. आबा, तुम्हाला मोतीबिंदू. खुंटीवरची दुसरी किल्ली कुणाच्या हाती होती?"

आबांनी आवाजाच्या अंदाजानं पुतण्याकडे मान वळवली. "भिका?"

भिकाचा चेहरा उतरला. मग एकदम तो उसळला. "मग काय करू? जन्मभर तुमच्या मागे पिशव्या वाहिल्या! माझं नाव कुठे आलं? त्या बाईला कोण ओळखत होतं? मी कॅसेट काढवली म्हणून आज गावोगाव गाणं वाजतंय. खान्देशपुत्र मीच! टेपवरचा आवाज राहिला असता तर लोक म्हणाले असते, याचं काय त्यात? म्हणून पुसला."

"लोक खरंच म्हणाले असते," आबा म्हणाले. त्यांनी हात पुढे केला. "किल्ली दे. उद्या माझ्यासोबत कॅसेटवाल्यांकडे यायचं आणि आक्काबाईचं नाव घालायला तुझ्या तोंडानं सांगायचं. मगच या घरात पाऊल टाक."

भिकानं किल्ली टेबलावर ठेवली आणि निघून गेला. त्याला कोणी अडवलं नाही.

मंजुळाबाईचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. "भाऊ, तो डाग... तेवढी माय गेली का?"

"तेवढी गेली, ताई," आधार म्हणाला. एरवी फटकळ असलेला तो चाचरला. "तेवढ्या जागी काही ऐकू येणार नाही. जोडीतली दुसरी पुसलेली आहे. ओळ उचलायला कोणी नाही."

सुकदेवनं बटण दाबलं.

आधी खोकल्याचा आवाज आला. मग दमलेला, हसरा, म्हाताऱ्या बाईचा आवाज. "मंजुळा, आठे ये ना वं. बस मनाजोडे." आणि गाणं सुरू झालं.

"मना दारमा तीन खोडना निंब, कानबाई माय सावलीले बसनी..."

मंजुळाबाई मटकन खाली बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही. पुना नाक ओढत होता. आणि तेवढ्यात आवाज तुटला. स्पीकर मुका झाला. आधारनं मान फिरवली.

"माहेरनी वाट पुसनी, डोया भरी हसनी," मंजुळाबाईनं ओळ उचलली. आवाज फाटका होता, पण ठेका चुकला नाही.

पुढच्या ओळीला आक्काबाई परत आली. दोघींनी मिळून गाणं शेवटाला नेलं. मग मंजुळाबाईनं, कोणी सांगितलं नव्हतं तरी, मळणीचं कडवं एकटीनं म्हटलं. चिंधानं घाईघाईनं टेपचं बटण दाबलं आणि या खेपेला कॅसेट पुसायची नाही म्हणून तिच्यावर मोठ्या अक्षरांत दोघींची नावं लिहिली.